बोर्डापुढचा हात

मी नोकरीला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमची कचेरी म्हणजे नागपुरातल्या एका जुन्या बरॅकीतल्या दोन खोल्या, चार टेबलं, एक टाइपरायटर आणि उन्हाळ्यात खिडकीला लावलेली वाळ्याची ताटी. काम असं होतं की कारखान्यात अपघात होऊन हातपाय अधू झालेल्या कामगारांना पुन्हा कुठेतरी कामाला लावायचं. मिलमधले लोक यायचे, आरा मशीनवरचे यायचे, कन्हानकडच्या खाणींतलेही यायचे. मी सायकलवरून गावभर हिंडून मालकांच्या विनवण्या करायचे, आणि मालक मला चहा पाजून परत पाठवायचे.

मालकांपेक्षाही मला जास्त राग यायचा तो कामगारांचाच. काम शोधून द्यावं तर ते जायला तयार नसत. त्याचं कारण होतं पेन्शन. विम्याच्या योजनेतून त्यांना दर महिन्याला थोडे पैसे मिळत, आणि सगळ्यांची खात्री होती की कामावर गेलं की ते बंद होणार. नियम तसा नव्हता. पैसे गेलेल्या अवयवाबद्दल होते, घरी बसण्याबद्दल नव्हते. हे मी घसा कोरडा होईस्तोवर सांगायचे. ते मान डोलवायचे, नमस्कार करायचे आणि पुन्हा घरी जाऊन बसायचे.

या भीतीच्या मुळाशी होता बोर्ड. बोर्ड म्हणजे दवाखान्यातली एक खोली, एक लांब टेबल आणि टेबलामागे तीन डॉक्टर. कामगार किती टक्के अधू झाला हे ते ठरवत. बोटं गेली असतील तर त्याचे टक्के तक्त्यात छापलेलेच असत, त्यात कुणाला काही करता येत नसे. पण मनगट किती वळतं, पकड किती उरली, हे डॉक्टर डोळ्यांनी पाहून ठरवत. पहिली काही वर्षं हा निकाल कच्चा असे. ठरावीक काळानं पुन्हा बोलावत, पुन्हा पाहत, आणि शेवटच्या बोर्डात काय ते कायमचं ठरे.

त्यामुळे लोक बोर्डाची तयारी करायचे. बाहेरच्या बाकावर बसलेले जुने लोक नव्यांना शिकवायचे की खांदा कसा पाडायचा, कप उचलायला सांगितला तर कुठे थांबायचं. काहीजण दवाखान्याच्या अलीकडच्या चौकात सायकल-रिक्षा थांबवून गळ्यात फडकं अडकवायचे. मी त्या वेळी त्यांना सरळ खोटारडे म्हणायचे, तेही मोठ्यानं. आज म्हणणार नाही. ज्याच्या हाताला उद्या कुणी काम देईल याची खात्री नाही, त्याला तो हात आणखी थोडा मेलेला दाखवावासा वाटला तर त्यात नवल काय.

मावशी आमच्याकडे आल्या त्या अशाच एका सकाळी. मी त्यांना पहिल्या दिवसापासून मावशीच म्हटलं. चाळिशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, अंगावर सुती लुगडं, आणि उजवा हात पदराखाली. मिलच्या वायडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, त्यांनी अठरा वर्षं काढली होती. अडीच वर्षांपूर्वी यंत्राच्या दात्यात हात सापडला. उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं गेली, अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली, आणि मनगट आखडलं. मिलनं त्यांना त्याच खात्यात झाडूचं काम देऊ केलं होतं. ते त्यांनी घेतलं नाही. जिथे अठरा वर्षं मशीनवर उभी राहिली तिथे झाडू घेऊन कशी जाऊ, असं त्यांनी मलाच विचारलं.

मी माझं नेहमीचं सुरू केलं. शिपायाची जागा आहे, शाळेत पाणी भरायची आहे, दवाखान्यात चादरी मोजून द्यायची आहे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, मले सुताचंच काम पाहिजे," त्या म्हणाल्या. "दुसरं देऊन राहिले असान तर नका देऊ. मी घरीच बरी."

मी कपाळाला हात लावला नाही एवढंच. सुताच्या कामात सगळी मदार बोटांवर. धागा सारखा तुटतो, आणि तुटला की दोन्ही टोकं पकडून डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारावी लागते. ती गाठ इतकी बारीक लागते की पुढे मागावर अडकता कामा नये. तीन बोटं नसलेल्या बाईनं हे मागावं म्हणजे मला हट्टच वाटला. तरी त्यांच्या बोलण्यात एक असा ठामपणा होता की मी कार्डावर 'सूत' असं लिहून घेतलं. घरी मुलगा आणि सून होती. मुलाचं काम कधी असे, कधी नसे, आणि त्यामुळे मावशींच्या पेन्शनला घरात मान होता. ती गेली तर घरातली आपली जागाही जाईल, ही धास्ती त्यांनी पहिल्याच दिवशी बोलून दाखवली. मी नियम सांगितला. त्यांनीही मान डोलावली.

योगायोगानं महिनाभरातच एक जागा निघाली. इतवारीत सुताचे एक व्यापारी होते, हातमागवाल्यांना सूत पुरवायचे. दुकानामागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी सूत गुंडाळायची दोन यंत्रं बसवली होती आणि त्यांवर दोन पोरी ठेवल्या होत्या. पोरी नव्या, गाठी मारायच्या त्या हरभऱ्याएवढ्या. मागवाले येऊन शेठजींच्या डोक्यावर बसायचे. शेठजींना मिलमधली जाणती बाई हवी होती, आणि हाताचं ऐकूनही ते म्हणाले की घेऊन तर या, बघू.

मी मावशींना घेऊन गेले. माझी बदामी फाइल मांडीवर ठेवून मी शेठजींच्या शेजारी बसले. मावशी समोर उभ्या राहिल्या. शेठजी माणूस भला. त्यांनी हळूच म्हटलं, बाई, जरा हात दाखवा.

मावशींनी पदराखालून हात काढला. तो त्यांनी पुढे धरला आणि तो मनगटातून खाली लोंबला. शेठजींनी सुताचा एक कोन, म्हणजे निमुळत्या पुठ्ठ्यावर गुंडाळलेलं सूत, त्यांच्यापुढे केला. अंगठा नुसता त्याला टेकला, करंगळी बाजूलाच राहिली, आणि कोन हातातून निसटून तराजूखाली घरंगळत गेला. पोरींनी यंत्र थांबवून पाहिलं. शेठजींनी स्वतः वाकून कोन उचलला, आम्हाला चहा पाजला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की गोदामावर बसायला एखादा माणूस असेल तर पाठवा.

बाहेर रस्त्यावर आल्यावर माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. एवढं होत नव्हतं तर सुताचा हट्ट कशाला धरला, मला मान खाली घालायला लावली, आता हा मालक मला पुन्हा दारात उभं करणार नाही, असं मी भर बाजारात त्यांना सुनावलं. वयानं त्या माझ्या आईएवढ्या. त्या खाली मान घालून ऐकत राहिल्या. माझं संपल्यावर त्यांनी फक्त विचारलं की बस कुठून मिळेल. त्या वागण्याची मला आजही लाज वाटते.

कचेरीत येऊन मी त्यांच्या कार्डावर काट मारली. त्यांचा मिलचा दाखला, अस्सल कागद, माझ्या फाइलमध्ये राहिला होता. तो परत देऊन प्रकरण मिटवावं म्हणून दोन-चार दिवसांनी दुपारी मी त्यांच्या वस्तीत गेले. ऊन चढलेलं, गल्लीत चिटपाखरू नाही. दार आतून लावलेलं होतं. कडी वाजवली तर आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला आणि बऱ्याच वेळानं दार उघडलं. उजवा हात पदराखाली होता. झोपले होते म्हणाल्या.

त्यांच्या खालच्या ओठाला एक सुताचा तुकडा चिकटला होता. वायडिंगवाल्या बायका गाठ मारली की उरलेलं टोक दातांनी तोडतात, हे मी मिलमध्ये पाहिलेलं होतं. मी नुसतं माझ्या ओठाला बोट लावून दाखवलं. त्यांनी हात फिरवला, तुकडा बोटाला लागला, आणि त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

मग त्यांनी दाराला पुन्हा आतून कडी घातली आणि खाटेखालून तुपाचा एक रिकामा डबा ओढला. डब्यात सुताचा गोळा होता, नारळाएवढा. त्यांनी त्याचं टोक माझ्या हातात दिलं. मी धागा ओढत गेले. दर चार बोटांवर एक गाठ होती. सुरुवातीच्या, म्हणजे आतल्या, गाठी मोठ्या आणि वेड्यावाकड्या आहेत असं त्या सांगत होत्या. माझ्या हातातल्या गाठी मला दिसतच नव्हत्या, धाग्यावरून नख फिरवलं तरच लागत होत्या.

जखम भरल्यापासून रोज दुपारी, सून कामाला गेली आणि मुलगा बाहेर पडला की, त्या दार लावून धागा तोडायच्या आणि जोडायच्या. पहिले सहा महिने गाठ बसतच नव्हती. मग त्यांनी कामच उलटं केलं. पूर्वी डाव्या हातानं धरायचं आणि उजव्यानं वळसा द्यायचा. आता उजव्या अंगठ्यात आणि करंगळीत दोन टोकांची फुली धरायची आणि वळसा डाव्यानं द्यायचा. कुणी शिकवलं नाही, कुणाला दाखवता आलं नाही. मी विचारलं सुनेला माहीत आहे का. नाही म्हणाल्या. चार घरांत बोलणं होतं, कुणीतरी कुठेतरी सांगतं आणि बोर्डापर्यंत जातं, असं वस्तीतल्या सगळ्यांनी त्यांना बजावलं होतं. म्हणून त्या नळावर जात नव्हत्या, भाकरी थापत नव्हत्या, केससुद्धा सुनेकडून विंचरून घेत होत्या.

मी तिथेच जमिनीवर बसले. मग विचारलं, "एवढं येत होतं तर शेठजींपुढे का पाडलंत मावशी?"

"मी नाई पाडला," त्या म्हणाल्या. "तुमी फाइल घेऊन बाजूले बसल्या होत्या. त्यायनं म्हटलं, हात दाखवा. हात दाखवा म्हटलं का माहा हात पडतेच बाई. चार बोर्ड झाले."

मी खूप वर्षं नोकरी केली, पुष्कळ शिबिरं ऐकली, पण माझ्या कामाबद्दल मला कुणी सांगितलेली सगळ्यात खरी गोष्ट ही. मीच त्यांना नेऊन बोर्डापुढे उभं केलं होतं. टेबल, फाइल, बसलेले दोघं, उभी ती एकटी, आणि तेच दोन शब्द. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला आणि कुठल्याच मालकाकडे फाइल घेऊन गेले नाही.

शेठजींना पुन्हा तयार करायला मला तीन खेपा माराव्या लागल्या. मी त्यांना खरं काय ते सांगितलं, तेव्हा ते थोडे विरघळले. येत्या गुरुवारी दुपारी घेऊन या, शुक्रवारी मी बाहेरगावी जातो, असं म्हणाले. आणि त्याच गुरुवारी सकाळी मावशींचा शेवटचा बोर्ड होता. मला वाटलं, उत्तम जमलं. सकाळी बोर्ड उरकला की दुपारी काम, एका दिवसात दोन्ही निकालात.

बुधवारी संध्याकाळी कुठले कागद आणायचे ते विचारायला मावशी कचेरीत आल्या. मी कागद सांगितले. मग आजूबाजूला कुणी नाही असं पाहून, आवाज खाली करून, मी त्यांना म्हटलं की उद्या सकाळी नेहमीसारखाच हात ठेवा. शेवटचा बोर्ड आहे, एकदा पक्कं झालं की मग कुणी विचारत नाही. दुपारी शेठजींकडे मात्र खरा दाखवा. बाकावरच्या लोकांना खोटारडे म्हणणारी मी ती. आणि हे सांगताना मला आपण फार व्यवहारी आणि मायाळू आहोत असं वाटत होतं.

"सकाळी एक हात अन् दुपारी दुसरा," त्या म्हणाल्या. "असं कसं जमन बाई?"

मी म्हटलं, एका दिवसाचाच तर प्रश्न आहे. पेन्शनमधला मनगटाचा भाग त्यांच्या हातातून जाऊ नये एवढंच माझ्या डोक्यात होतं, कारण तो गेला तर सूनबाई काय म्हणेल ते मला त्यांच्याकडूनच कळलेलं होतं. त्या गेल्यावर मी निश्चिंतपणे सायकल काढली आणि घरी गेले.

गुरुवारी बोर्डाच्या खोलीत मला त्यांच्याबरोबर आत जाता आलं. मधले डॉक्टर वयस्कर होते, चष्मा नाकावर आणलेला, आवाज मऊ. त्यांनी आधीचे कागद चाळले आणि म्हणाले, हात दाखवा.

मावशींनी हात पुढे केला आणि तो पडला. अगदी शेठजींच्या दुकानात पडला तसाच. मला खरं तर हायसं वाटलं. बाजूच्या डॉक्टरांनी लिहायला पेन उचललं. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "थांबा साहेब."

त्यांनी डाव्या हातानं पदराच्या काठातून एक दोरा उसवून काढला आणि दातांनी त्याचे दोन तुकडे केले. उजवा हात अजून लोंबतच होता. त्या त्याच्याकडे पाहत होत्या. रुसलेल्या पोराकडे आई पाहते तसं, रागानं आणि काळजीनं. मग तो हळूहळू वर आला. अंगठा आणि करंगळी जवळ आली, दोन्ही टोकांची फुली त्यांत धरली गेली, डाव्या हातानं वळसा घातला आणि एक हिसका दिला. दोरा त्यांनी टेबलावर डॉक्टरांपुढे ठेवला. अख्खा होता.

डॉक्टरांनी तो उचलून अंगठ्याखालून ओढला. गाठ कुठे आहे ते त्यांना एकदम सापडलं नाही. पुन्हा करा म्हणाले. मावशींनी तो तोडून पुन्हा केला. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, संपलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, हे तुम्ही यापूर्वी कधी दाखवलं नाहीत. आणि पुढे अगदी समजावून सांगितलं की जे पाहिलं ते मला लिहावं लागेल, बोटांचं आहे तेवढं राहील पण मनगटाचं कमी होईल, तुम्हाला हे ठाऊक आहे ना.

"ठाऊक हाये," मावशी म्हणाल्या. "अडीच वर्षं मेल्यावानी ठेवला साहेब. आता घरात कोणी नसलं तरी पडून राहिला. परवा दुपारी डबा काढला तर बोटं जवळच येईनात. मले भेव वाटलं. तुमी लिहा, जे हाये ते लिहा."

पंख्याखाली कागद फडफडत होते, त्यांवर वयस्कर डॉक्टरांनी हात ठेवला आणि लिहायला लागले. मी खाली पाहत होते. आदल्या संध्याकाळी मी त्यांना काय शिकवलं होतं, ते त्या खोलीत फक्त आम्हा दोघींना माहीत होतं, आणि त्यांनी माझ्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

बाहेर बाकावर बातमी आमच्याआधी पोचली होती, कारण दार अर्धवट उघडं होतं. एक खाणकामगार, खांद्यापासून हात बांधलेला, उठून उभा राहिला आणि मावशींवर बरसला. तुम्ही स्वतःचं केलं ते केलं, आता आमच्याकडे हे लोक कोणत्या नजरेनं पाहतील, आमच्या पोटावर कशाला पाय दिला, असं तो म्हणत होता. त्याचंही चूक नव्हतं. मावशींनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, भर बाजारात माझं ऐकलं होतं तसंच. मग त्याला जागा देण्यासाठी बाजूला झाल्या आणि निघाल्या.

निकालाचा कागद पुढे दीड-दोन महिन्यांनी पोस्टानं आला. तो वाचून घ्यायला त्या माझ्याकडेच आल्या. मनगटाचे टक्के डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे खाली आले होते. पेन्शन बंद झाली नव्हती, पण कमी झाली होती, आणि ज्या घरात महिन्याचा शेवटचा आठवडा उधारीवर जातो तिथे ते जाणवण्याइतकं होतं. सून आठ दिवस बोलली नाही म्हणे. मी कागद वाचून दाखवला, त्यांनी तो घडी करून कमरेला खोचला आणि मला विचारलं की नवीन कोण आलं आहे का कामासाठी. त्यानंतर बोटं गेलेल्या दोन बायका आणि एक मुलगा मी त्यांच्याकडेच शिकायला पाठवले. गाठ मारायची ती उलटी रीत त्या मुलानं पुढे कामठीला नेली, आणि तिथल्या मागवाल्यांना ती बोटं शाबूत असूनही सोपी वाटली, असं त्यानंच मला सांगितलं. मी आयुष्यात पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली. पण जे काम कुणी मागितलं नाही, कुणाला दाखवायची सोय नाही आणि ज्यातून नुकसानच व्हायची शक्यता, ते रोज दुपारी दार लावून करत राहणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या गुरुवारी दुपारी काम मिळणार की नाही हे अजून ठरायचं होतं, आणि सकाळी हातचं जाऊन बसलं होतं. आता शेठजी नाही म्हणाले तर मावशींकडे ना पुरती पेन्शन, ना काम. आम्ही रिक्षातून इतवारीला गेलो. मी रागावलेली होते, आणि राग कुणाचा आहे ते मला कळत नव्हतं.

शेठजी गादीवर बसले होते. माझ्याजवळ फाइल नव्हती, मी दारातच उभी राहिले. मी त्यांना तीन खेपांत दहा वेळा बजावलं होतं की ते दोन शब्द तेवढे बोलू नका. पण सवय ती सवय. मावशींना पाहताच हसून म्हणाले, या बाई, जरा हात दाखवा.

शेडमधल्या पोरींनी माना वळवल्या. मावशींचा हात पदराखालून बाहेर आला होता, आणि मी डोळे मिटून घेतले, हे खरं सांगते. तो पडताना मला पाहायचा नव्हता.

"दाखवाचं ते सकाळी दाखवून झालं शेठजी," मावशींचा आवाज आला. "आता काम द्या."

मी डोळे उघडले तेव्हा त्या गादीला वळसा घालून शेडमध्ये गेल्या होत्या. त्यांनी एका पोरीला खांद्याला धरून बाजूला केलं, पदर कमरेला खोचला आणि यंत्र सुरू केलं. धागा तुटला, जोडला गेला, पुन्हा तुटला, पुन्हा जोडला गेला. शेठजी उठून पाहायला निघाले. मी त्यांना थांबवलं आणि म्हटलं की आपण बाहेर बसू, तिकडे नको जायला.

शेठजींनी चहा मागवला. मागून यंत्राचा आवाज येत होता.